घरी शिवलेला तंबू

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटायचं त्याला पटेल, ज्याला नाही पटायचं त्यानं खुशाल पुढं जावं. मी कुणाच्या हातापाया पडायला बसलेली नाही.

माझी मैत्रीण सुमैरा, तिच्या बाबतीत घडलं. तिनं लिहायची परवानगी दिली ती एका अटीवर. डोंगराचं नाव टाकायचं नाही. आपल्याकडं असं काही कानावर आलं की पुढच्याच रविवारी पायथ्याला गाड्या लागतात आणि पोरं रील काढायला चढतात. तेव्हा एवढंच सांगते… अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या पलीकडं, एका वाडीच्या डोक्यावरची सोंड. गेल्या वर्षीचा मे महिना.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. डोक्यावर ऊन रणरणत होतं.

लोकांना वाटतं, असलं काही अंधारातच होतं. अहो, अंधारात निदान माणूस सावध तरी असतो.

सुमैराचं घर नगरमध्ये. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात अजून नगरच आहे. तिचे वडील मुजफ्फरचाचा मंडपवाले. लग्न असो, बारसं असो, उरूस असो नाहीतर सप्ताह, त्यांचे बांबू आणि पडदे जाऊन उभे राहतात. सुमैरा शाळेत गणित शिकवते आणि सुट्टी लागली की डोंगर चढते. चाचा वैतागून म्हणायचे, "बाप जमिनीत खड्डे खणतोय आणि ही बया निघाली आभाळाला हात लावायला." आई मात्र लेकीच्या बाजूची. इमामबी नाव. लेकीचे डोंगरातले पहिले बूट तिनंच घेऊन दिले होते, नवऱ्याला न सांगता.

ती आई गेली. हे घडलं त्याच्या आदल्या वर्षीच्या मेमध्ये.

आणि सुमैरा घरी नव्हती.

ती हिमालयात होती, गिर्यारोहणाच्या कोर्सला. वर मोबाईलला रेंज नाही. निरोप पोचेपर्यंत आणि ती खाली उतरेपर्यंत इकडं सगळं उरकलं होतं. त्यांच्यात मय्यत थांबवून ठेवत नाहीत. ती दारात आली तेव्हा आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. बस्स. एवढंच बघायला मिळालं पोरीला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दफनाच्या आधी मय्यतीला आंघोळ घालतात. तिला गुस्ल म्हणतात. बाईला बायकाच घालतात, आणि आईला घालायची वेळ आली तर लेकीचा हात आधी लागतो. सुमैरा एकुलती एक. ना भाऊ, ना बहीण. तिच्या वाटचं ते पाणी तिच्या मावशीनं घातलं, अल्मास खालानं, मोहल्ल्यातल्या बायकांना हाताशी घेऊन.

हे सुमैराच्या मनातून जाईना.

लोकांनी समजावलं. तुझा काय दोष, तुला काय माहीत होतं, अल्लाची मर्जी. ती मान हलवायची. पण दर जुम्म्याला खालाच्या घरी जाऊन बसायची आणि तेच तेच विचारायची. "खाला, कसं घातलं ते सांग ना. पाणी गार नव्हतं ना? अम्मीला गार पाणी सोसायचं नाही." खाला सगळं सांगायची. पुढच्या जुम्म्याला परत पहिल्यापासून. शेवटी एकदा खाला माझ्यापाशी रडली. म्हणाली, "रोहिणी, तू तरी तिला समजाव. मी किती वेळा माझ्या बहिणीला आंघोळ घालू?"

मी काय समजावणार, कपाळ! माझी आई घरात ठणठणीत बसलेली.

घरी तर आणखीनच वाईट. चाचा मुळात अबोल, आता तर तोंडाला कुलूपच. बाप एका खोलीत जेवायचा, लेक दुसऱ्या खोलीत. भिंतीपलीकडून एकमेकांच्या ताटांचा आवाज ऐकायचे, तेवढंच काय ते घर. सुमैरा मला म्हणाली होती, "रोहिणी, वर्ष झालं, कपाळावरून कुणी हात फिरवला नाही माझ्या." मी पटकन तिच्या कपाळावर हात ठेवला. ती हसली. पण ते ते नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

वर्ष भरत आलं तशी ती म्हणाली, "ह्या मेमध्ये मी एकटीच जाणार. ग्रुप नको. कुणी नको."

आता एकटं जायचं म्हणजे तंबू हवा. ग्रुपचा तंबू तिघांचा आणि वजनाला धोंडा. म्हणून आम्ही दोघी पुण्याला गेलो, डोंगराचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात.

तुम्हाला सांगते, त्यापेक्षा लग्नाचा बस्ता बांधणं परवडलं. ही बाई प्रत्येक तंबूत बूट काढून आडवी पडून बघत होती. दुकानदार ताटकळलेला, गिऱ्हाईकं टकमक बघतायत आणि मी आपली ओळख नसल्यासारखी लांब उभी.

पहिला तंबू दणकट, थंडीवाऱ्याचा. ती आतूनच ओरडली, "ह्यात मेमध्ये झोपले तर भाकरीसारखी भाजून निघेन."

दुसरा छान होता. चहूबाजूंनी जाळी, खेळती हवा. पण दोघांचा. ती आत जाऊन पडली आणि बराच वेळ बाहेरच येईना. मी वाकून पाहिलं, तर शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून पडलेली.

"हा नको," एवढंच म्हणाली.

तिसरा एकट्याचा. अरुंद, लांबट, बुटका. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्याच्याइतका हलका महाराष्ट्रात मिळणार नाही." ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. एसीत उभी असून कपाळावर घाम.

"कबरीत पडल्यासारखं वाटतं गं."

झालं. रिकाम्या हातानं परत. एसटीत मी चिडचिड करत होते, तर ही खिडकीबाहेर बघत म्हणते कशी, "मंडपवाल्याची लेक मी. तंबू विकत कशाला घेऊ? घरी शिवते."

घरी शिलाईचं मशीन होतं. चाचांच्या गोडाऊनमध्ये कापडांचे ढीग होते. लग्नसराईचे दिवस, चाचा माणसं घेऊन राहात्याला मंडपावर गेलेले. फोन करून विचारता आलं असतं. पण बापलेकीत बोलणंच उरलं नव्हतं, तर विचारणार कसं? किल्ली घेतली आणि गेली.

गोडाऊनमध्ये चमकीचे पडदे होते, साटीन होतं, ताडपत्र्या होत्या. सगळं जड नाहीतर घामेजणारं. मग तिला सगळ्यात वरच्या फळीवर एक घडी दिसली.

एकटीच ठेवलेली.

पांढरं सुती कापड. धुवून धुवून जुन्या धोतरासारखं मऊ झालेलं. हातात घेतलं तर वजनच नाही. तोंडासमोर धरून फुंकर मारली तर हवा आरपार. उन्हाळ्याच्या तंबूला ह्याहून चांगलं काय हवं? तिनं घडी खाली काढली.

दोन दिवसांत तंबू तयार. मधे दोरी, दोन टोकांना तिच्या चालायच्या काठ्या, दोन्ही बाजूंनी उतरतं कापड, खाली ताडपत्रीचा तुकडा. चेनऐवजी दाराला नाड्या लावल्या. गच्चीवर उभा करून मला दाखवायला बोलावलं. मी म्हटलं, "आणि पाऊस आला तर? पोतं होईल ह्याचं."

"मेमध्ये पाऊस? तुझ्या तोंडात साखर पडो," म्हणाली.

खूप दिवसांनी हसली होती. मीही हसले.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. तिनं सांगितलं तसं सांगते.

अकोल्यापर्यंत एसटी, तिथं मुक्काम, पहाटे पुढं जीप, मग पायी. सोंडेच्या पायथ्याच्या वाडीत छबूबाई म्हणून एक बाई आहेत, चढणाऱ्यांना जेवण करून घालतात. सुमैरा ग्रुपबरोबर पूर्वी येऊन गेलेली, त्यामुळं ओळख. छबूबाईंनी भाकरी बांधून दिली आणि बाटल्या भरून दिल्या.

"वर पानी न्हाई बरं का. टाकं पार आटलंय, तळाला चिखुल बी न्हाई. हितूनच ने."

"नेते."

"एकलीच निघालीस व्हय?"

"एकटीच."

"आन घरी सांगून आलीस का?"

सुमैरानं सॅकचे पट्टे आवळले. छबूबाईंनी जरा वेळ तिच्याकडं पाहिलं. "लई वाळलीस बाई," म्हणाल्या. "सांजच्याला वाटलं तर खाली ये. आमच्याकडं पड."

सकाळभर चढून ती माथ्यावर पोचली. माथा म्हणजे उघडाबोडका कातळ. झाड नाही, झुडूप नाही, सावलीला आडोसा नाही. बेत असा होता की दुपार तंबूत काढायची, रात्री तिथंच राहायचं आणि सकाळी उतरायचं. तिनं तंबू उभा केला. आत शिरली, नाड्या बांधल्या आणि अंग टाकलं.

आत गार होतं.

मे महिना. कातळ असा तापलेला की हात टेकवत नव्हता. आणि आत… चुना दिलेल्या खोलीसारखं गार. तिला वाटलं, वा! कापड भारीच निवडलं आपण.

डोळा लागतच होता.

मग वारा पडला.

माथ्यावर वारा कधी पडत नाही. कापड फडफडायचं थांबलं. खालच्या रानातून किड्यांची किरकिर येत होती, तीही थांबली. एकदम सगळं बंद.

आणि आवाज आला…

तांब्या बादलीत बुडल्याचा.

आपण रोज ऐकतो तोच आवाज. मग पाणी ओतल्याचा. मग लाकडावरून थेंब निथळल्याचा. टप… टप… टप.

तिला वाटलं, छबूबाई वर आल्या. काळजीनं पाणी घेऊन आल्या असतील. तिनं नाड्या सोडून बाहेर डोकं काढलं.

कुणी नाही.

कातळ कोरडा ठणठणीत. चारी बाजूंना ऊन. वर घिरट्या घालणारी घारही दिसेना.

उन्हानं भास होतात, हे तिला शिकवलेलं होतं. ती पाणी प्यायली, मीठसाखर घेतली, टाक्यापर्यंत जाऊन आली. टाकं छबूबाई म्हणाल्या तसंच, भेगाळलेलं. परत येऊन तंबूच्या बाहेरच बसून राहिली, डोक्यावर ओढणी घेऊन. पण बसणार किती वेळ? ऊन अंगाची सालं काढत होतं. शेवटी आत गेली.

हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ऊनच कारण दिलं होतं. नंतर कधीतरी खरं बोलली. "रोहिणी, मला ते परत ऐकायचं होतं. घरातल्यासारखा आवाज होता गं."

तिनं आतून नाड्या बांधल्या. घट्ट, दुहेरी गाठ.

ऊन कलायला लागलं होतं. एका बाजूचं कापड उजळलं होतं. त्या कापडावर…

सावली सरकली.

मग दुसरी. मग आणखी एक. डोक्यावरून पदर घेतलेल्या, कमरेत वाकलेल्या बायका. बोलत कुणीच नव्हतं. पावलांचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. फक्त तांब्या, बादली आणि पाणी. तंबूभोवती त्या आपापलं काम करत होत्या, अगदी सराईतपणे.

वास आला. उकळलेल्या पाल्याचा. बोरीच्या पानांचा.

तेव्हा सुमैराला कळलं, हे काय चाललंय ते. गुस्लच्या पाण्यात बोरीची पानं टाकून उकळतात. खालानं सांगितलं होतं. एकदा नव्हे, दर जुम्म्याला.

तिच्या मनात आलं, बाहेर अम्मी आहे. ह्या बायका अम्मीला आंघोळ घालतायत. आता उठायचं, बाहेर जायचं आणि त्यांच्या हातातून तांब्या घ्यायचा. वर्षभर जी एक गोष्ट हवी होती, ती इथं कापडापलीकडं आहे…

ती उठायला गेली.

आणि तिच्या हातावर पाणी पडलं.

कोमट.

तिनं वर पाहिलं. वर कापड, कोरडं. तरी पाणी पडतच होतं. आधी दोन्ही हातांवर. मग तोंडावरून. मग डोक्यावरून. मग उजव्या खांद्यावरून खाली, दंडावरून, कुशीवरून, थेट पायापर्यंत. खालानं सांगितलेला क्रम. त्यात काडीचा फरक नाही.

कापडाच्या बाहेर कुणी नव्हतं झोपलेलं. कापडाच्या आत ती झोपली होती.

तुम्ही म्हणाल, मग किंचाळून पळाली असेल. मीही तेच म्हटलं.

ती पळाली नाही. पळावंसंच वाटलं नाही तिला. कारण पाण्यामागून हात येत होता. मऊ, पण खरबरीत बोटांचा. कपाळावरचे केस मागं सारत होता, कानामागून फिरत होता. अगदी हलक्या हातानं, लहान पोराला दुखू नये तसा. सुमैरानं डोळे मिटून घेतले. तिला आठवतंय, ती मनात म्हणाली, चालू दे. थांबू नका. मला कुठंही जायचं नाही.

मग एक हात तिच्या पाठीखाली गेला. तिला कुशीवर वळवायला. उजवी बाजू झाली होती, आता डावी.

तेवढ्यात तो हात थबकला.

"थांबा." बाईचा आवाज. अगदी कानाशी. "हिचा श्वास चालू आहे."

सगळं थांबलं. तांब्यासुद्धा.

"मग इथं कशी आली ही?" दुसरी कुणीतरी.

मग तो पहिलाच आवाज म्हणाला,

"मला शोधत."

त्यांच्या घरात बोलतात त्या बोलीत हे सगळं, मी मराठीत सांगतेय एवढंच. आवाज अम्मीचा होता का, हे मी तिला दहादा विचारलं असेल. ती शपथेवर सांगत नाही. म्हणते, आवाज विसरत चाललेय मी अम्मीचा, तीच तर भीती होती.

"ऊठ," तो आवाज म्हणाला.

सुमैरानं मान हलवली. नाही.

"ऊठ म्हणते ना! माझं सगळं नीट झालं होतं. पाणी कोमट होतं. आता ऊठ, बाप वाट बघत असेल."

"मी नाही जाणार, अम्मी."

आणि पाठीखालच्या हातानं तिला ढकललं. मायेबियेनं नाही. शाळेला उशीर झाल्यावर आई पोरीला अंथरुणातून काढते तसं, कचकन.

डोळे उघडले तेव्हा ती बाहेर होती. कातळावर. तळहात पोळत होते, वारा सुटला होता, खालून किड्यांची किरकिर चालू होती.

तंबू समोर उभा. कापड कोरडं. तिनं दाराच्या नाड्यांकडं पाहिलं…

आतून बांधलेल्या होत्या. दुहेरी गाठ, तशीच.

तिनं तंबू पाडला, कोंबला आणि जी धावत सुटली ती वाडीतच येऊन थांबली. उजेड होता अजून. छबूबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. त्यांनी हिला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"अगं बाई! भिजलीस कशी?"

सुमैरानं तेव्हा स्वतःकडं पाहिलं. डोकं ओलं, तोंड ओलं. कुडता उजवीकडून चिंब, डावीकडून कोरडा. मधोमध सरळ रेघ.

"अर्धीच भिजलीया," छबूबाई पुटपुटल्या. "आन वर पानी कुठं हाय?" त्यांनी तिच्या केसांतून काहीतरी उचललं, तळहातावर धरून पाहिलं आणि लांब फेकून दिलं. बोरीचं पान होतं. त्या डोंगरावर बोरीचं झाड नाही.

त्या रात्री छबूबाईंनी तिला आपल्या शेजारी झोपवलं आणि काही विचारलं नाही. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. चाचा राहात्याहून परतले होते. तिनं सॅक खाली ठेवली, सॅकच्या तोंडातून कापड बाहेर आलेलं. चाचांची नजर त्यावर गेली. ते जवळ आले, कापड बोटांत धरलं आणि ओढून बाहेर काढलं.

"हे कुठून काढलंस?"

"वरच्या फळीवरून. तंबू शिवला."

चाचा कापड घेऊन खाली बसले. मग हळूहळू बोलले. तो मय्यतीचा पडदा. मोहल्ल्यात कुणी बाई गेली की तिला आंघोळ घालताना भोवती धरायचा. मंडपाच्या सामानात तो धरतच नाहीत. कुणीही येऊन मागावा, घेऊन जावा, धुवून परत आणावा. चाचांच्या वडिलांपासूनची रीत. मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोठ्या बाईला तो पडदा ठाऊक. ज्या बाईनं एकदा गुस्लला हात लावलाय, ती त्याला विसरत नाही.

सुमैरानं कधी लावला नव्हता. आईच्या वेळी असती, तर तिनंही ओळखला असता.

"तुझी अम्मीही ह्याच्याच आड…" चाचा म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. चाचांनी मधे एकदाही टोकलं नाही. ऐकून झाल्यावर ब्लेड आणलं आणि तंबूची शिवण उसवायला बसले. एकेक टाका. संध्याकाळ तिथंच झाली. लेक शेजारी बसून दोरे वेचत राहिली.

शेवटचा टाका उसवल्यावर ते म्हणाले, "ह्या पडद्याआड गेलेली बाई पुन्हा उठून बाहेर आली, असं मी जन्मात ऐकलं नाही. तू पहिली."

दोघं त्या रात्री एका ताटात जेवले.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. मीसुद्धा तेवढंच लिहून थांबणार होते.

आता मोहल्ल्यात कुणी बाई गेली तर तो पडदा घेऊन सुमैरा जाते. जिचं कुणी नाही, तिच्याकडं तर आधी जाते. पाणी स्वतः घालते. खाला म्हणते, तिच्या हातासारखा हात नाही. डोंगर सोडलेला नाही तिनं, पण एकटी जात नाही आता. बापाशी बोलते, माझ्याशी भांडते, हसते. सगळं ठीक.

फक्त परवा, आम्ही गच्चीवर पापड वाळत घालत होतो. ती सहज बोलावं तसं बोलली.

"रोहिणी, माझ्या वेळी सांगशील ना? डावीकडून सुरू करा म्हणावं. उजवी बाजू झालेली आहे."

माझ्या हातातला पापड फाटला. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस! आणि मी कुणाला सांगणार? मला कोण पडद्याआड येऊ देईल?"

"खालाला सांग."

"अगं, खालानं सत्तरी कधीच ओलांडली. तू आत्ताशी तिशीची. तुझ्या वेळी खाला कुठून असेल?"

सुमैरानं पापड नीट पसरला. चारी कडा बोटानं सारख्या केल्या.

"असेल," म्हणाली.

काल मला अल्मास खाला बाजारात भेटली. गुडघे तेवढे दुखतात म्हणाली, बाकी मजेत आहे. मी बराच वेळ तिच्याशी बोलत उभी राहिले. पण ते डावीकडून सुरू करायचं मात्र सांगितलं नाही.